महिन्यातला एक शनिवार सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांना द्या

मा. आयुक्त,
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका,
कल्याण (पश्चिम)



आपल्या टेबलावर रोज येणारे अर्ज पाण्याचे, खड्ड्यांचे, कचऱ्याचे असतात. ते असायलाच हवेत. माझा अर्ज वेगळ्या गोष्टीचा आहे आणि तो सगळ्या शहरादेखत करावा असे वाटले, म्हणून हे खुले पत्र. आचार्य अत्रे रंगमंदिरात महिन्यातला एक शनिवार, दुपारची वेळ, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवावा. चित्रपट दाखवावा आणि तो संपल्यावर दिवे लावून तासभर लोकांना बोलू द्यावे. एवढीच मागणी आहे.

यातले बोलणे चित्रपटाइतकेच महत्त्वाचे आहे. ते का, हे सांगायचे तर सुमित्राबाईंच्या आयुष्याकडे थोडे मागे जावे लागेल.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा. पुण्यातले शिक्षण, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय, पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्याचा अभ्यास. काही काळ त्यांनी दिल्लीत आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत वर्षानुवर्षे शिकवले. या सगळ्यात सिनेमा कुठेच नव्हता. चाळिशी गाठेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता आणि चित्रपटाचे शिक्षण तर त्यांनी कधीच घेतले नाही.

मग 'स्त्रीवाणी' नावाचा संशोधन प्रकल्प त्यांच्याकडे आला. पुण्याच्या झोपडवस्तीतल्या दलित बायकांशी बोलायचे, त्यांचे आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकायचे आणि नोंदवायचे. या कामातून पुढे 'पॅन ऑन फायर' हे पुस्तक निघाले. आठ दलित स्त्रियांच्या कहाण्या त्यात आहेत आणि गौरी देशपांडे यांनी त्या इंग्रजीत नेल्या. पुस्तक चांगले आहे. पण सुमित्राबाईंना आधीपासूनच एक गोष्ट छळत होती. ज्या बायकांनी भांडी घासता घासता, पोर मांडीवर घेऊन आपले सगळे आयुष्य उघडे केले, त्यांना हे संशोधन वाचता येणार नव्हते. घेतले त्यांच्याकडून, आणि पोचले विद्यापीठात. ते त्यांना परत कसे करायचे? या प्रश्नाच्या उत्तरादाखल १९८५ साली 'बाई' हा लघुपट तयार झाला. तेव्हा सुमित्राबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या.

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, वयाने बराच लहान असलेला सुनील सुकथनकर हा तरुण या सुमारासच त्यांच्याबरोबर आला आणि शेवटपर्यंत राहिला. तंत्र त्याने आणले आणि पुढे चित्रपटांची गाणीही त्यानेच लिहिली. दिग्दर्शनाच्या श्रेयात दोन नावे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी राहिली. मराठीत असे दुसरे उदाहरण मला दिसत नाही. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८७ च्या 'पाणी'लाही मिळाला. पण ते लघुपट वस्तीत दाखवले जात आणि नंतर बायका बोलू लागत, हे सुमित्राबाईंना पुरस्काराहून मोठे वाटत असणार अशी माझी खात्री आहे. कारण पुढे हातात मोठे नट आणि मोठा पडदा आला तरी त्यांच्या चित्रपटाची रीत बदलली नाही. त्यांचा चित्रपट शेवटच्या दृश्यानंतर बघणाऱ्यांच्या तोंडी चालू व्हावा असाच रचलेला असतो. म्हणून तासभर बोलण्याची वेळ मागते आहे.

आयुक्त महोदय, आपण ज्या जिल्ह्यात काम करता त्या जिल्ह्यात मानसिक आजाराबद्दल कसे बोलले जाते हे आपल्या कानावर आलेच असेल. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. सव्वाशे वर्षांत त्याने किती घरांना आधार दिला असेल, पण आपल्या बोलण्यात 'ठाण्याला पाठवा याला' ही शिवीच होऊन बसली. शाळेच्या वर्गात, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या सभेत ती सहज फेकली जाते. ज्याच्या घरात असा आजारी माणूस आहे तो शेजारी गप्प बसतो आणि घरी येऊन दार लावून घेतो.

अशा घरासाठी 'देवराई' हा चित्रपट आहे. २००४ सालचा. कोकणातला शेष हा बुद्धिमान तरुण देवराईत, तिथल्या झाडांत गुंतत जातो आणि हळूहळू त्याचे मन भास आणि वास्तव यांतली रेघ ओलांडते. अतुल कुलकर्णी यांनी तो केला आहे. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पडद्यावर आला की किंचाळणे, केस विस्कटणे, साखळ्या हे सगळे येते. इथे ते काही नाही. इथे एक माणूस आहे, त्याला दुखते आहे आणि त्याचे दुखणे त्याच्या बहिणीला कळता कळत नाही. सोनाली कुलकर्णी यांनी केलेली ती बहीण, सीना, हेच चित्रपटाचे खरे केंद्र आहे असे मी मानते. ती चिडते, थकते, नवऱ्याचा संसार आणि भावाचे औषध यांत ओढली जाते, आणि तरी सोडत नाही. या चित्रपटामागे कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक जगन्नाथ वाणी उभे राहिले होते. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था उभारणाऱ्या या माणसाला ठाऊक होते की पत्रके वाटून जे होत नाही ते एका गोष्टीने होते.

आता 'अस्तु'. यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट आहे.

चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. आयुष्यभर पाठांतरावर, स्मरणावर जगलेल्या या माणसाची स्मृतीच जाऊ लागली आहे. मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघालेली असते. वाटेत ती थोडा वेळ बाजूला जाते, तेवढ्यात रस्त्यावरून एक हत्ती जाताना शास्त्रींना दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्या मागे चालू लागतात. चित्रपट म्हणजे मग दोन वाटा. एकीकडे मुलगी, जावई, पोलीस यांची शोधाशोध. दुसरीकडे हत्ती घेऊन गावोगाव फिरणारे गरीब कुटुंब आणि त्यातली चन्नम्मा, जिला या म्हाताऱ्याचे नाव, गाव, विद्वत्ता काहीच माहीत नाही. तिला एवढेच दिसते की याला भूक लागली आहे. ती त्याला खाऊ घालते, धुते, जवळ बसवते. आणि हा पंडित तिला आई म्हणू लागतो. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांसाठी सुमित्राबाईंना.

चित्रपटात एक कठीण प्रश्न आहे आणि तो सोडवलेला नाही. चन्नम्मा जे सहज करते ते इराला का जमत नाही? इरा वाईट मुलगी नाही. तिच्यापुढे बसलेला माणूस तिचा बाप होता, तो आता तिला ओळखत नाही, हे तिला रोज नव्याने गिळावे लागते. चन्नम्मावर तो भार नाही, तिच्यापुढे फक्त आजचा माणूस आहे. आमच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ असेच घरातून निघून जात. दोनदा ते कल्याण स्थानकात, जुन्या सवयीने मुंबईच्या गाडीच्या फलाटावर उभे असलेले सापडले. त्यांच्या सुनेने पाच-सहा वर्षे त्यांचे सगळे केले. एकदाही तिला कुणी विचारले नाही की तुझे कसे चालले आहे. 'अस्तु' पाहिला तेव्हा मला सतत तिची आठवण येत होती. हा चित्रपट तिने तिच्यासारख्याच इतर बायकांच्या आणि पुरुषांच्या मधोमध बसून पाहावा आणि नंतर, वाटले तर, बोलावे, एवढ्यासाठी मला रंगमंदिर हवे आहे.

'मोबाइलवर पाहा की' असे कुणी म्हणेल. एकट्याने पाहणे आणि शंभर माणसांत पाहणे यांत फरक आहे, आणि या विषयांच्या बाबतीत तो फार मोठा आहे. ज्या दुखण्याची लाज वाटते ते एकट्याने पाहिले तर लाज तशीच राहते. शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस डोळे पुसताना दिसला की ती थोडी सैल होते. डॉ. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. 'अस्तु' आणि 'कासव' घेऊन ते गावोगावी, परदेशातही फिरले, चित्रपट दाखवून लोकांशी बोलत राहिले. तसे का फिरावे लागले हेही सांगायला हवे. 'अस्तु' २०१३ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट, पण चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडले आणि त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. प्रेक्षक नव्हते म्हणून असे झाले, हे मला मान्य नाही. प्रेक्षक डोंबिवलीत, कल्याण पूर्वेला, ठाकुर्लीत, टिटवाळ्यात होते. त्यांना सोयीच्या वेळी, परवडणाऱ्या तिकिटात, घराजवळ तो कुणी दाखवला नाही. सकाळी साडेसहाची लोकल धरणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या माणसासाठी मल्टिप्लेक्समधला दुपारी दोनचा एकुलता एक खेळ हा नसल्यासारखाच असतो.

आणि आता नावाची गोष्ट. हे रंगमंदिर आचार्य अत्र्यांचे. नाटककार अत्रे, वक्ते अत्रे, संपादक अत्रे आपल्याला आठवतात. पण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५३ च्या 'श्यामची आई'ला मिळाले आणि तो अत्र्यांचा चित्रपट होता. त्यानंतर तो सर्वोच्च मान मराठीकडे परत यायला पन्नास वर्षे लागली. २००३ चा 'श्वास', २०११ चा 'देऊळ', २०१४ चा 'कोर्ट' आणि २०१६ चा सुमित्राबाईंचा 'कासव'. म्हणजे ज्या माणसाचे नाव आपल्या नाट्यगृहावर आहे त्याच्या सुवर्णपदकाशी सुमित्राबाईंच्या सुवर्णकमळाचे थेट नाते आहे. 'कासव'ला हा मान जाहीर झाला तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

'कासव' मला 'अस्तु'इतका बांधीव वाटत नाही. कासवाची उपमा त्यात जरा जास्त वेळा समजावून सांगितली जाते. तरी त्याचा गाभा पक्का आहे. नैराश्यातून स्वतः नुकतीच सावरत असलेली जानकी कोकणात समुद्री कासवांच्या संवर्धनाच्या कामात आहे. जगणे नकोसे झालेला एक अनोळखी तरुण तिला वाटेत सापडतो आणि ती त्याला घरी आणते. ती त्याला प्रश्न विचारत नाही. त्याचे नावही विचारत नाही. जेवण, झोप, औषध आणि वाट पाहणे. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्यातले न बोललेले प्रसंग पाहताना मला एका फार दूरच्या चित्रपटाची आठवण होते.

१९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात 'सोनेरी अस्वल' हा सर्वोच्च पुरस्कार पहिल्यांदाच एका दिग्दर्शिकेला मिळाला. त्या हंगेरीच्या मार्ता मेसारोश. जन्म १९३१ चा. शिल्पकार वडील स्टालिनच्या दडपशाहीत १९३८ साली गेले, लहानगी मार्ता सोव्हिएत किर्गिझियात वाढली, मॉस्कोत चित्रपट शिकली. आधी कित्येक वर्षे तिने माहितीपट केले आणि १९६८ साली पहिला कथापट. बर्लिनला जिंकलेल्या तिच्या चित्रपटाचा विषय दत्तक घेण्याचा. त्रेचाळीस वर्षांची, नवरा वारलेली कारखान्यातली कामगार काता आणि सरकारी वसतिगृहातून तिच्या दारात आलेली तरुण मुलगी. दोघी एकमेकींना हळूहळू जागा करून देतात. मेसारोश पुढे 'माझ्या मुलांसाठी रोजनिशी'मध्ये स्वतःच्या पोरक्या बालपणाकडे वळली आणि १९८४ साली कानला गौरवली गेली. सुमित्राबाई आणि मेसारोश, दोघींचे देश, राजवटी, पैशाचे मार्ग सगळे निराळे. पण दोघीही प्रत्यक्ष माणसांच्या नोंदी घेण्यापासून निघाल्या, दोघींनी प्रौढ वयाच्या, साध्या कपड्यांतल्या, कामाला जुंपलेल्या बाईचा चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवला आणि रक्ताच्या नात्याबाहेरचे आईपण हा दोघींच्याही चित्रपटांतला धागा आहे. मेसारोश, मिक्लोश यान्चो, इश्तवान साबो ही हंगेरियन नावे मराठी रसिकाला कळली ती फिल्म सोसायट्यांमुळे. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून हे काम करत आले. कल्याणचा माणूस तिथे जायचा तो शेवटचे दृश्य अर्धवट टाकून गाडी गाठण्याच्या तयारीने. पन्नासहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास चांगल्या चित्रपटासाठी आमच्या दोन पिढ्यांनी केला. तिसऱ्या पिढीला तो करावा लागू नये.

बाकीच्या चित्रपटांची नुसती आठवण देते. १९९५ चा 'दोघी' हा त्यांचा पहिला कथापट. लग्नाच्या दिवशीच अपघाताने पांढऱ्या पायाची ठरलेली गौरी आणि तिची धाकटी बहीण कृष्णा. मोठीला मामा मुंबईला नेतो, तिच्या कमाईवर घर उभे राहते आणि तेच घर तिला उंबरठा ओलांडू देत नाही. उत्तरा बावकर यांची आई या चित्रपटात पाहिली की कळते, क्रूर माणूस दुष्टच असतो असे नाही. 'वास्तुपुरुष'मध्ये पडत्या वाड्यातली आई पुन्हा बावकरच. 'नितळ' अंगावरच्या कोडाबद्दल. 'दहावी फ' मात्र महापालिकेच्या प्रत्येक शाळेत दाखवावा. वर्गवारीत शेवटच्या तुकडीत ढकललेली मुले संतापून शाळेची नासधूस करतात आणि मग स्वतः कष्ट करून ते नुकसान भरून देतात. 'एक कप च्या'मधल्या कोकणातल्या एसटी कंडक्टरला न वापरलेल्या विजेचे भरमसाट बिल येते आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज भरायला शिकतो. किशोर कदम यांनी केलेला तो कंडक्टर आपल्या कर्मचाऱ्यांनी जरूर पाहावा. खिडकीच्या पलीकडच्या माणसाला काय वाटते ते त्यात फार प्रेमाने दाखवले आहे.

शेवटचा 'दिठी'. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता अमोद सुनासि आले' या कथेवरचा. एकुलता एक मुलगा गमावलेला वारकरी लोहार रामजी, आणि अडलेली गाय. तीस वर्षांच्या वारीने जे दिले ते दुःखाच्या एका फटक्यात गेले की काय, हा त्याचा प्रश्न. १९ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सुमित्राबाई पुण्यात वारल्या. महिन्याभराने, २१ मे रोजी 'दिठी' आला तो ओटीटीवर. चित्रपटगृहे बंद होती, इलाज नव्हता. पण मृत्यूच्या त्या दिवसांत, ज्या चित्रपटाची सर्वांना एकत्र बसून गरज होती, तो प्रत्येकाने आपापल्या घरात एकेकट्याने पाहिला. कल्याणनेही पाहिला. त्या वर्षी आपल्या शहराने किती माणसे गमावली हे महापालिकेइतके कुणाला माहीत आहे? 'दिठी'चा तो राहून गेलेला सार्वजनिक खेळ कल्याणात व्हावा असे मला मनापासून वाटते. १८६४ सालचे आपले सार्वजनिक वाचनालय आहे. आधीच्या आठवड्यात तिथे मोकाशींच्या कथेचे वाचन ठेवता येईल.

आता व्यवहाराचे. रंगमंदिर नाटकासाठी बांधलेले आहे आणि नाटकाच्या तारखांना धक्का लागू नये. म्हणून दुपार मागितली. चांगला प्रोजेक्टर, मोठा पडदा आणि संवाद नीट ऐकू येतील असा ध्वनी लागेल. या चित्रपटांत पार्श्वसंगीत कमी आणि कुजबूज जास्त असते. 'संहिता'सारख्या चित्रपटात तर आरती अंकलीकर-टिकेकर यांचे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले गाणे आहे, ते फाटक्या स्पीकरवर ऐकवू नये. चित्रपटांच्या हक्कधारकांकडून रीतसर परवानगी घ्यावी आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. सुमित्राबाईंनी आयुष्यभर पैशाची जुळवाजुळव करत काम केले, निदान आता फुकट मागू नये. तिकीट पन्नास रुपये असावे, ज्येष्ठांना आणि त्यांना घेऊन येणाऱ्या सोबत्याला मोफत. चाकाच्या खुर्चीसाठी दोन-तीन जागा मोकळ्या ठेवाव्यात. नंतरच्या चर्चेला रुक्मिणीबाई रुग्णालयातले डॉक्टर, आशा सेविका, शाळांचे समुपदेशक यांना बोलवावे, पण मंचावर सत्काराच्या शाली आणि भाषणे नकोत. महिन्याआड हाच खेळ डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात झाला तर डोंबिवलीकरांना पूलही ओलांडावा लागणार नाही.

पहिला चित्रपट 'अस्तु' असावा अशी माझी सूचना आहे. चर्चेचे टिपण घेणे, खुर्च्या लावणे, वस्त्यांत आणि सोसायट्यांत निरोप पोचवणे यासाठी आम्ही काही रहिवासी आमचा वेळ द्यायला तयार आहोत. रंगमंदिराच्या पुढच्या तिमाहीच्या तारखा ठरण्यापूर्वी आपले उत्तर मिळाले तर पहिल्या शनिवारची तयारी लगेच सुरू करता येईल.

कळावे,

आपली,
कल्याण पश्चिमेची एक रहिवासी